एक तलवार, दोन म्यानं

वाचकाचं पत्र

नारायण पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला दिला आहे, म्हणून माळा उपसायला काढला. तिथल्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या आजेसासऱ्यांच्या वस्तू निघाल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते लष्करात डॉक्टर होते. एक सरळ तलवार आहे, पण ती पोलादी म्यानात अशी अडकली आहे की दोघांनी ओढूनही निघेना. दुसरं एक चामड्याचं म्यान रिकामंच आहे. म्हणजे दुसरी तलवार कुणीतरी नेली, असं सासूबाईंचं म्हणणं आहे, आणि त्यावरून चुलत घरात कुरबूर सुरू झाली आहे. शिवाय एक पट्टा, चामड्याची खोबणीसारखी वस्तू, गोंडा असलेली वादी, आणि लाकडी म्यानातली एक वाकडी देशी तलवार. तिची मूठ खुळखुळते. मुठीवर सोनेरी वेलबुट्टीसारखं काहीतरी दिसतं.

शेजारच्या काकू चिंच आणि लिंबू लावून घासायला सांगतात. चोवीस वर्षांच्या मुलाला आता संग्रहच करायचा आहे. त्याने जुन्या बाजारातून ‘१८५७’ कोरलेली एक तलवार साडेसहा हजारांना आणलीसुद्धा. हे सगळं घरात ठेवणं कायद्याने चालतं का? खंडेनवमीला पूजा कशी करावी? आणि आधी काय करावं?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर

ताई, आधी कुरबुरीचं बघू, कारण ती बहुतेक विनाकारण आहे. तुमच्या वर्णनावरून सरळ तलवार ब्रिटिश पायदळ अधिकाऱ्यांच्या १८९७च्या नमुन्याची दिसते, आणि लष्करी डॉक्टरही हाच नमुना बाळगत. या तलवारीला म्यानं दोन असत. समारंभाच्या पोशाखात पोलादी म्यान. त्याला दोन कड्या असतात आणि ते दोन वाद्यांनी पट्ट्याला लटकतं. रोजच्या नोकरीत आणि मोहिमेवर लाकडावर तपकिरी चामडं चढवलेलं म्यान. त्याला कड्या नसतात. ते ‘फ्रॉग’ नावाच्या चामडी खोबणीत बसतं आणि फ्रॉग अधिकाऱ्यांच्या ‘सॅम ब्राउन’ नावाच्या कमरपट्ट्याला अडकवतात. तुमच्या ट्रंकेतली ‘खोबणीसारखी वस्तू’ म्हणजे हा फ्रॉगच असणार. तलवार एक आणि म्यानं दोन, असा हा पूर्ण संच आहे. बरेचदा घरात तलवार तेवढी उरते आणि चामडं कसरीच्या तोंडी जातं किंवा कचऱ्यात. तुमच्याकडे सगळं एकत्र राहिलं, ही फार मोलाची गोष्ट आहे.

खात्री करायची तर तलवार चामड्याच्या म्यानात घालून बघू नका. शंभर वर्षांचं चामडं आणि आतलं लाकूड आकसलेलं असतं, शिवण उसवते आणि पातं आत अडकतं. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याची पट्टी कापा. या नमुन्याचं पातं साडेबत्तीस इंच लांब आणि मुठीपाशी सुमारे एक इंच रुंद असतं. पट्टीचं टोक गोलसर करा, कडा मऊ करा आणि ती हलक्या हाताने म्यानात सोडा. अडली तर तिथेच थांबा. ती जवळजवळ पूर्ण आत गेली तर सासूबाईंना पट्टी दाखवा आणि चुलत घरी फोन करा.

घासणं आणि पुसणं त्यानंतर, आणि तेही वाचून झाल्यावर. ही लष्करी हत्यारं लिहिलेली असतात. नाव, आकडा, राजचिन्ह, सरकारी शिक्का हे सगळं पात्याच्या पृष्ठभागात केसाएवढ्या खोलीवर असतं. चिंचेतलं आणि लिंबातलं आम्ल गंजाबरोबर तेही खातं, आणि पातं एकसारखं राखाडी, निस्तेज होतं. शिवाय मूठ आणि पातं जिथे मिळतात त्या फटीत आम्ल शिरलं की धुऊन निघत नाही. वरून पातं चकाकतं आणि आतून दांडा गंजत राहतो. काकूंनी प्रेमाने सांगितलं असेल, पण चिंच, लिंबू, राख, पितांबरी आणि बाजारातलं गंजनाशक, यांतलं काहीही लावू नका.

वाचायचं कसं, ते सांगतो. खोलीत अंधार करा. मोबाइलची बॅटरी पात्याला जवळजवळ टेकवून तिरका उजेड पाडा. समोरून न दिसणारी अक्षरं सावलीमुळे उठून येतात. मुठीवरच्या जाळीदार कवचात राजाची आद्याक्षरं असतात. ‘व्हीआर’ असेल तर व्हिक्टोरिया राणी. ‘ईआर’ आणि रोमन सात असेल तर सातवा एडवर्ड, म्हणजे १९०१ ते १९१०. ‘जीआर’ आणि रोमन पाच असेल तर पाचवा जॉर्ज, १९१० ते १९३६. तुमच्या आजेसासऱ्यांच्या काळाशी हे पाचव्या जॉर्जचं जुळतं. कवचाची अंगाकडची कड खाली वळलेली आहे का, तेही बघा. १८९५च्या नमुन्यात ती तशी नव्हती आणि गणवेश घासून फाटत असे. १८९७मध्ये झालेला मुख्य बदल तोच.

मग पात्याची पाठ मुठीजवळ बघा. तिथे आकडा कोरलेला असेल आणि पात्यावर विल्किन्सनचं नाव असेल, तर तो आकडा वहीत उतरवा. या लंडनच्या कारखान्याने १८५४पासून अधिकाऱ्यांच्या तलवारींवर क्रमांक घातले, आणि त्यांच्या बऱ्याचशा नोंदवह्या टिकल्या आहेत. क्रमांकावरून तलवार कोणत्या वर्षी आणि पुष्कळदा कुणासाठी विकली गेली, ते कळू शकतं. दुसऱ्या एखाद्या दुकानाचं नाव असेल तर ते बनवणाऱ्याचं नसून विकणाऱ्याचं असू शकतं. एखाद्या बाणाच्या खुणेजवळ ‘आय’ अक्षर असेल तर ती हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. पण असे शिक्के मुख्यत्वे शिपायांच्या हत्यारांवर असतात, कारण अधिकारी आपली तलवार पदरचे पैसे देऊन घेत. दोन बाण टोकाला टोक लावून उमटवलेले असतील तर ते हत्यार सरकारने सेवेतून काढून विकलेलं. ही खूण मुलाला बाजारात कामी येईल.

पात्याला धार आहे का, हेही नजरेने तपासा, बोटाने नको. या तलवारी कारखान्यातून बोथट येत आणि लढाईवर निघताना धार लावून घेत. धार असेल तर तो सेवेचा पुरावा आहे. आणि नसेल तर नवीन लावून घेऊ नका. सहाणेवर पाच मिनिटं गेली की तलवारीची निम्मी किंमत आणि सगळा इतिहास गेला.

आता ती अडकलेली तलवार. दोघांनी ओढणं आजपासून बंद. ओढताना मूठ सैल होते किंवा जाळीदार कवच वाकतं, आणि एकदम सुटली तर समोरच्याला लागते. पोलादी म्यानाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू असतो. तोंडाचा तुकडा आणि आतल्या लाकडी पट्ट्या त्यांनी धरलेल्या असतात. बहुतेक वेळा पातं तोंडाशीच धरलेलं असतं, म्हणून आधी हे स्क्रू. खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, चष्मेवाल्याकडचा किंवा घड्याळजीकडचा. सैल बसला तर खाच झिजते आणि मग ड्रिल मारावं लागतं. दोन्ही स्क्रूंवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी स्क्रू आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. गंजाची पकड आवळताना तुटते.

स्क्रू निघाले तरी पातं हलत नसेल, तर तलवार मूठ वर करून उभी ठेवा आणि पात्याच्या दोन्ही अंगांनी तोंडात पाच-सहा थेंब तेल सोडा. त्याहून जास्त नको, कारण आतलं लाकूड ते पिऊन बसतं आणि मग पात्याला वर्षानुवर्षं चिकट थर येतो. रोज एकदा असं तीन-चार दिवस. मग केस वाळवायच्या यंत्राने म्यानाचं तोंड हाताला सोसेल इतकंच कोमट करा. म्यान पात्याच्या आधी तापून किंचित फुगतं. लाकडी हातोडीने तोंडाच्या चारही बाजूंना हलके ठोके द्या आणि मूठ सरळ रेषेत ओढा. वळवू नका, हलवू नका. म्यान धरताना बोटं पाठीच्या बाजूला ठेवा, धारेच्या बाजूने गुंडाळू नका. पोलादी म्यानात हा धोका कमी असतो, पण चामड्याच्या आणि लाकडी म्यानांत शिवण किंवा सांधा धारेच्या बाजूला फाटतो आणि तळहात कापला जातो. जुन्या तलवारी हाताळताना होणाऱ्या जखमा बऱ्याचदा अशाच होतात.

पातं बाहेर आल्यावर नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोजे घसरतात आणि घाम आत शोषून पात्यापर्यंत पोचवतात. उघड्या बोटाचा ठसा या हवेत दोन-तीन दिवसांत लालसर उमटू शकतो आणि पुढे तो कायमचा बसतो. सुती बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पातं मुठीकडून टोकाकडे पुसा, बोळा मळला की बदला. मग गंज तपासा. कोरड्या पांढऱ्या बोळ्यावर नारिंगी भुकटी आली तर तो जिवंत गंज. गडद तपकिरी किंवा काळा थर असेल आणि बोळ्यावर काही येत नसेल, तर तो स्थिर आहे. त्याला हात लावू नका. तो पात्याचं संरक्षणच करतो. जिवंत गंजावर तेलाचा थेंब टाका, तासभर थांबा आणि बांबूची काडी चपटी तासून खरवडा. काडी पोलादापेक्षा मऊ असते, म्हणून गंज निघतो आणि ओरखडा उठत नाही. सर्वांत बारीक स्टील वूल, म्हणजे चार शून्याचं, तेलात बुडवून वापरता येतं, पण फक्त जिथे नक्षी नाही तिथे आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने. नक्षीचा भाग दुधी आणि आजूबाजूचा चकचकीत, या फरकामुळेच ती दिसते. घासलं की दोन्ही एकसारखे होतात आणि अक्षरं नाहीशी होतात.

शेवटी पुन्हा अल्कोहोलने पुसून तेल पूर्ण काढा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा. संग्रहालयात रेनेसाँ वॅक्स नावाचं मेण वापरतात, तेच. मटाराच्या दाण्याएवढं मेण एका पात्याला पुरतं. पातळ थर द्या, काही मिनिटांनी मऊ कापडाने फिरवा. तेल लावून ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण तेल धूळ धरतं आणि खाली ओघळतं. पुण्याच्या हवेत वर्षातून दोनदा, एकदा वळवाच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर. मुठीवर मासळीचं खडबडीत कातडं आणि त्यावर पीळदार तार असेल. तार सैल झाली असेल तर डिंक किंवा झटपट चिकटणारा गोंद लावू नका, सुती दोऱ्याने हलकेच बांधून ठेवा. कवचाचा निकेलचा मुलामा जिथे उडाला आहे तिथे फक्त मेण. नवा मुलामा देऊ नका.

देशी तलवारीचा मामला वेगळा आहे आणि जास्त नाजूक. आपल्या तलवारींच्या मुठी रिव्हेटने बसवलेल्या नसतात. मूठ आतून पोकळ असते, तिच्यात राळ किंवा लाखेचं मिश्रण वितळवून ओततात आणि पात्याचा दांडा तापवून खुपसतात. शंभर-दीडशे वर्षांत हे मिश्रण ठिसूळ होतं आणि मूठ खुळखुळते. यावर घरोघरी दोन उपाय होतात आणि दोन्ही घातक. एक, गॅसवर मूठ तापवून पुन्हा बसवणं. त्याने सोनेरी काम उडतं आणि पात्याचा मुठीजवळचा कस जातो. दोन, अराल्डाइट ओतणं. ते पुढे कोणत्याही जाणकाराला सुरक्षितपणे काढता येत नाही. तुम्ही फक्त तलवार आडवी ठेवा आणि मूठ धरून उचलू नका. उचलायची झाली तर एक हात मुठीखाली, एक म्यानाखाली.

मुठीवरची वेलबुट्टी म्हणजे कोफ्तगिरी असावी. लोखंडावर सुईसारख्या हत्याराने उभ्या-आडव्या रेघा ओढून खरखरीत जमीन करतात आणि सोन्या-चांदीची बारीक तार त्यावर ठोकून बसवतात. धातूचा थर कागदाहूनही पातळ असतो. कुठलंही पॉलिश एकदा फिरलं की खालच्या रेघा दिसायला लागतात, आणि मग ती जागा परत भरत नाही. मऊ रंगाचा ब्रश आणि अल्कोहोल, इतकंच. मुठीच्या आतल्या बाजूला आणि, म्यान सुटल्यावर, पात्यावर मुठीजवळ ठिपक्याठिपक्यांनी काढलेली देवनागरी अक्षरं किंवा आकडे आहेत का, तिरक्या उजेडात बघा. संस्थानांच्या शस्त्रागारांत अशा नोंदी करत. बिकानेरच्या जुनागढच्या हत्यारांवर त्या पुष्कळ दिसतात. तुमच्या तलवारीवर निघाल्या तर ती कुठून आली, याचा एवढा एकच धागा असेल.

जुन्या मराठीत या भागांना नेमकी नावं आहेत, ती मुलाने शिकावीत. म्यानाच्या तोंडाचं धातूचं बोंड ते मोहनाळ आणि टोकाचं ते तहनाळ. मुठीवरची बोटं राखणारी कमान परज. मुठीच्या वरची वाटी आणि तिच्यावरचा मोगरा. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात हत्यारांचं दालन आहे, तिथे दोन तास फक्त मुठी बघाव्यात. वाटीचा व्यास, मुठीचा मधला फुगवटा, परज आहे की नाही, या तीन गोष्टी नजरेत बसल्या की बाजारातली निम्मी फसवणूक टळते. घरी काही मोडी कागद सापडले तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. ट्रंकेत तलवारीबरोबर कागद असेल तर तो पात्याइतकाच महत्त्वाचा.

ही देशी तलवार आज म्यानातून काढू नका. पावसाळ्यात लाकडी म्यान ओल पिऊन फुगलेलं असतं. पुण्याची हवा मार्च-एप्रिलमध्ये सर्वांत कोरडी, तेव्हा लाकूड आपोआप सोडतं. तोपर्यंत ती कोरड्या खोलीत, भिंतीला न टेकवता ठेवा. एकदम कोरडेपणाही नको, म्हणून तिच्याजवळ सिलिका जेलचा ढीग घालू नका. लाकूड एकाएकी सुकलं की सांध्यावर फाटतं. मूठ बसवण्यासाठी धातुसंवर्धन शिकलेला माणूसच हवा. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेत विचारा, किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागात. दागिन्यांच्या कारागिराकडे नेऊ नका. तो चांगला असला तरी त्याला वस्तू नवी करून देण्याची सवय असते.

चामड्याकडे येऊ, कारण लोक सर्वांत जास्त चुका इथेच करतात. पट्ट्यावर बोट हलकेच फिरवा. बोटाला विटकरी भुकटी लागली तर चामडं आतून कुजू लागलं आहे. जुनं वनस्पतीच्या सालीने कमावलेलं चामडं हवेतल्या गंधकाने असं होतं. त्याला तेल, पॉलिश किंवा खोबरेल लावलं की ते काळं पडतं, चिकट होतं आणि आणखी लवकर तुटतं. यावर उपाय हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचा. क्लूसेल-जी नावाने मिळतो. १०० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ ग्रॅम घालून रात्रभर मुरू द्या, आणि मऊ ब्रशने एक पातळ हात द्या. आधी पट्ट्याच्या आतल्या बाजूला बोटभर जागेत करून बघा. चामडं किंचित गडद होईल, पण भुकटी थांबेल. बक्कल आणि चामडं जिथे टेकतात तिथे मेणासारखा हिरवा थर दिसेल. तो पितळातल्या तांब्याचा आणि चामड्यातल्या चरबीचा संयोग आहे. बांबूच्या काडीने खरवडून काढा, फक्त धातूवर अल्कोहोलचा बोळा फिरवा आणि दोघांच्या मध्ये आम्लरहित कागदाची पट्टी सरकवा.

पितळावर अमोनियाचं पॉलिश नको, आणि याचं कारण आपल्याच देशात घडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौज पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत साठवत असे, आणि पावसाळा सरला की कितीतरी पितळी नळ्यांना आपोआप तडे गेलेले दिसत. कारण १९२१मध्ये उलगडलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ठोकून, ओढून घडवलेल्या पितळात उरलेला ताण, या दोन्हींमुळे पितळ तडकतं. पट्ट्याची बक्कलं आणि म्यानाची पितळी बोंडंही ठोकून घडवलेली असू शकतात.

गोंड्याची वादी ही तलवारीची ‘स्वोर्ड नॉट’. ती मनगटात अडकवत, म्हणजे हातातून सुटली तरी तलवार खाली पडत नसे. तपकिरी चामड्याची असेल तर ती रोजच्या पोशाखाची, सोनेरी-किरमिजी जरीची असेल तर समारंभाची. कवचाच्या फटीत तिचे वेढे जसे दिले आहेत तसेच राहू द्या. ते उलगडले की घडीवर चामडं तुटतं, आणि मूळ वेढे कसे होते ते कुणालाच कळत नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. सॅम ब्राउन पट्टाही हिंदुस्थानातच घडला. १८५८च्या लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम्युएल ब्राउन या अधिकाऱ्याला कमरेची तलवार सावरता येईना, म्हणून खांद्यावरून आडव्या वादीचा हा पट्टा आला.

ठेवताना संच एकत्र नोंदवा, पण एकमेकांत घालून ठेवू नका. पोलादाला ४० टक्क्यांखालची आर्द्रता हवी आणि चामड्याला ५०च्या आसपास. म्यानात पातं ठेवलं की दोघांपैकी एकाचं नुकसान नक्की. पात्यासाठी चार फूट लांब, दहा इंच रुंद, सहा इंच उंच अशी रंग दिलेली पत्र्याची पेटी घ्या. नव्या प्लायवूडची किंवा एमडीएफची नको, त्यातून आम्लाची वाफ सुटते. एवढ्या पेटीला एक किलो नारिंगी सिलिका जेल पुरतं. निळं टाळा, त्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास तापवा. आत खळ काढलेलं, दोनदा धुतलेलं मांजरपाट अंथरा. रबर, फोम आणि रेक्झिन नको, त्यांतल्या वायूंनी तार काळी पडते. छोटा आर्द्रतामापक आत ठेवा आणि आठवड्यातून एकदा आकडा लिहा. चामड्याच्या वस्तू वेगळ्या कापडी पिशवीत, सपाट, कोरड्या कपाटात. चिकटपट्टीचं लेबल कशालाही लावू नका, सुती दोऱ्याला कागदी चिठ्ठी बांधा.

खंडेनवमीबद्दल. हळदकुंकू ओलं असतं आणि झेंडूच्या पाकळ्यांचा रसही लोखंडाला डाग पाडतो. कोफ्तगिरीच्या रेघांत शिरलेलं कुंकू तर निघतच नाही. पाटावर स्वच्छ कापड घालून त्यावर हत्यारं मांडा, आणि हळदकुंकू, फुलं, अक्षता कापडाच्या काठावर किंवा समोरच्या सुपारीवर वाहा. पूजा तितकीच यथासांग होते. पात्यावर काही सांडलंच तर तासाभरात अल्कोहोलने पुसून मेण लावा.

कायद्याचं काम वाडा रिकामा करण्याआधीच उरका. शस्त्र नियम २०१६च्या पहिल्या अनुसूचीत, पाचव्या वर्गात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, कट्यारी, संगिनी येतात. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ४नुसार, त्या बाळगायला परवाना लागतो की नाही हे त्या भागाला लागू असलेल्या अधिसूचनेवर ठरतं. म्हणून पुणे पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी अर्ज करा. वारशाने आलेल्या वस्तू असं स्पष्ट लिहा, फोटो आणि मापं जोडा, पोचशिक्क्याची प्रत जपा. तलवारी बरोबर नेऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७(१)खाली शहरात वेळोवेळी हत्यारं घेऊन फिरण्यावर बंदीचे आदेश निघतात, आणि मोडल्यास कलम १३५ लागतं. नव्या घरी हलवायचंही परवाना शाखेचं उत्तर आल्यानंतरच, आणि बंद पेटीतून गाडीने. मुलाला दुचाकीवर पिशवीत घालून नेऊ देऊ नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष कायदा १९७२मध्ये येते. ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकाने मागितली तरी नाही म्हणा.

राहिली मुलाची खरेदी. ‘१८५७’ ठळक कोरलेली तलवार बहुधा शोभेसाठी केलेली असते. त्याने स्वतः तपासावं. पात्याची जाडी मुठीजवळ आणि टोकाजवळ व्हर्निअरने मोजा. खऱ्या लढाऊ पात्याची जाडी टोकाकडे उतरत जाते. १७९६च्या घोडदळाच्या वाकड्या तलवारीत ती आठ-नऊ मिलिमीटरवरून टोकाशी सुमारे दोनवर येते. नकली पातं जाड पत्र्यातून कापलेलं असतं, जाडी सगळीकडे तीच. म्हणून ते हातात टोकाकडे जड लागतं. मुठीच्या वरच्या टोकाला आटे असलेला नट दिसतो की ठोकून गोल केलेला रिव्हेट? पितळ ओतताना राहिलेली खरखर आतल्या बाजूला आहे का? कोरीव अक्षरांच्या तळाशी गंज आणि मळ आहे, की नुसता काळा रंग? म्यानाला नवं मखमल? यांतल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर ती भिंतीवर लावायची वस्तू आहे. तिचा एक उपयोग मात्र आहे. बांबूची काडी, अल्कोहोल, मेण हे सगळं आधी तिच्यावर करून हात बसवावा.

त्याला खरंच संग्रह करायचा असेल तर पुढची तलवार घेऊ नये. घरच्या संचात काय कमी आहे ते आधी शोधावं. पोलादी म्यानाच्या दोन कड्यांना लागणाऱ्या लटकत्या वाद्या तुमच्या यादीत नाहीत. तुमची गोंड्याची वादी चामड्याची असेल, तर समारंभाचा जरीचा गोंडाही नाही. बाजारात तलवारी मिळतात, पण योग्य काळाच्या या वस्तू फार क्वचित, आणि विकणाऱ्याला त्यांची ओळख नसल्याने त्या रद्दी चामड्याच्या ढिगात पडलेल्या असतात. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जावं, पट्ट्यांचे ढीग बघावेत, बक्कलांच्या मागचे शिक्के वाचावेत. हत्यार घ्यायचंच झालं तर पावती देणाऱ्याकडूनच. प्रत्येक वस्तूला वहीत एक पान द्यावं. त्यात क्रमांक, मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, लांबी, रुंदी, दोन ठिकाणची जाडी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरचं वजन, सगळे शिक्के जसेच्या तसे, कुठून आणि केवढ्याला. पहिल्या पानावर आजेसासऱ्यांचं पूर्ण नाव, नोकरीची वर्षं आणि सासूबाईंना त्यांच्याबद्दल आठवतं ते सगळं लिहा. आणि ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलेलं नाव किंवा क्रमांक आहे का, हे वाड्यातून ट्रंक हलायच्या आत तिरक्या उजेडात नक्की बघा.